रंग जसेच्या तसे यावेत म्हणून: फोटो प्रिंटसाठी लॅब कशी निवडावी

स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो प्रिंट होऊन हातात येतो आणि काळपट वाटतो. चेहरे लालसर होतात, आकाशाचा निळा जांभळ्याकडे झुकतो. मग लॅब बदलायची, पुन्हा प्रिंट काढायचे आणि पुन्हा हिरमुसायचं. चार जणांना विचारूनही नीटसं उत्तर मिळत नाही. एक जण ज्या लॅबचं कौतुक करतो, तिच्याच नावाने दुसरा बोटं मोडतो. दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघांच्या फाइली वेगळ्या असतात आणि स्क्रीनही वेगळ्या.

रंग तीन ठिकाणी बिघडू शकतो: तुमच्या स्क्रीनवर, फाइलमध्ये आणि लॅबमध्ये. पहिली दोन ठिकाणं पक्की केल्याशिवाय तिसऱ्याची परीक्षा घेता येत नाही. म्हणून लॅबचा विषय इथे जरा उशिरा येतो. कितीही घाई असली तरी पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका.

आणि एक गोष्ट आधीच मनाशी ठरवा. फोटो उठावदार करून देते म्हणून एखादी लॅब चांगली ठरत नाही. फाइलमध्ये जे आहे तेच कागदावर आणणारी, आणि सहा महिन्यांनी तीच फाइल दिली तर तसाच प्रिंट देणारी लॅब चांगली. माझ्या लेखी या दोन कसोट्यांपुढे बाकी सगळं दुय्यम आहे.

## काय काय लागेल

- स्वतः काढलेले, ओळखीचे चार फोटो: एकात चेहरे, एकात झाडी आणि आकाश, एकात गडद सावल्या, एक कृष्णधवल
- करड्या पट्ट्यांची टेस्ट फाइल (पाचव्या पायरीत सांगितली आहे)
- कलर प्रोफाइल (फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) दाखवणारं आणि बदलू देणारं सॉफ्टवेअर. फोटोशॉप, लाइटरूम चालतील, फुकट मिळणारी गिंप किंवा डार्कटेबलही चालतील
- जमल्यास मॉनिटर कॅलिब्रेट करायचं (त्याचे रंग आणि उजेड ठरलेल्या मापाला आणायचं) उपकरण, म्हणजे डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं एखादं. उसनं आणलं तरी भागतं
- कोरा पांढरा कागद, कात्री, मार्कर
- थेट ऊन येत नाही अशी, भरपूर उजेडाची खिडकी

## १. आधी स्क्रीन ताळ्यावर आणा

‘प्रिंट काळे येतात’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा दोष लॅबचा नसतो, स्क्रीनच्या ब्राइटनेसचा असतो. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते. कागदावर पडेल तेवढाच उजेड तो परत देतो. प्रिंटसाठी काम करताना मॉनिटरचा ब्राइटनेस साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवतात. खोक्यातून निघालेला नवा मॉनिटर बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट उजळ असतो. अशा स्क्रीनवर तुम्ही फोटो ‘जरा जास्तच उजळ झालाय’ म्हणून खाली आणता आणि प्रिंट आणखी काळा होतो.

उपकरण असेल तर व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२ आणि ब्राइटनेस १०० कँडेलाच्या आसपास ठेवून कॅलिब्रेट करा. नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि खोलीच्या नेहमीच्या उजेडात दोन्ही सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. स्क्रीन एकदम मंद वाटेल. थोड्या वेळात डोळे सरावतात.

रात्री स्क्रीन पिवळी करणारी सोय, खोलीच्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारी सोय, आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस आणि ‘विविड’सारखे मोड, हे सगळं बंद ठेवा. यातलं एक जरी चालू राहिलं तरी सकाळी आणि रात्री तोच फोटो तुम्हाला वेगळा दिसेल आणि दोष मात्र लॅबच्या माथी जाईल.

## २. फाइल अशी तयार करा की संशयाला जागा राहू नये

कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये रंगांचा किती आवाका मावतो त्याची ठरलेली चौकट. लॅबने वेगळं काही सांगितलं नसेल तर फाइल एसआरजीबीमध्येच द्या. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ही कलर स्पेस आणली. ऑर्डर घेणाऱ्या बहुतेक यंत्रणा फाइल तीच आहे असं गृहीत धरून चालतात. ॲडोबी आरजीबीमध्ये रंगांचा आवाका मोठा आहे हे खरं, पण लॅबच्या यंत्रणेने प्रोफाइल न वाचता ती फाइल एसआरजीबी समजून छापली, की हिरवे-लाल रंग मलूल होतात आणि चेहऱ्यांवरचं तेज जातं. प्रिंट एकदम निस्तेज, धुवून काढल्यासारखा आला असेल तर आधी इथे शोधा. २०१६ नंतरचे आयफोन डिस्प्ले पी३ नावाच्या मोठ्या कलर स्पेसमध्ये फोटो काढतात, तेव्हा फोनवरून थेट ऑर्डर देतानाही हाच धोका आहे. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी निवडा आणि प्रोफाइल फाइलमध्ये जोडण्याच्या पर्यायावर टिक करा.

फॉरमॅट. जेपेग, क्वालिटी ९० च्या वर. टिफ घेणाऱ्या लॅबही असतात, पण नेहमीच्या प्रिंटमध्ये फरक दिसत नाही. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो छापायला देऊ नका. तो वाटेतच दाबून लहान केलेला असतो. मूळ फाइल मागवा, निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

पिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशोब. म्हणजे ४×६ साठी १२००×१८००, ८×१० साठी २४००×३०००, १२×१८ साठी ३६००×५४००. भिंतीवर लावायचा मोठा प्रिंट दुरून पाहतात, तिथे २०० सुद्धा पुरतात. ४०००×३००० पिक्सेलचा मोबाइल फोटो १२×१६ ला छापला तर इंचाला २५० पडतात. एवढे पुष्कळ झाले. फाइलमध्ये लिहिलेला ‘७२ डीपीआय’ हा आकडा पाहून घाबरू नका. एकूण पिक्सेल किती आहेत तेच मोजायचं.

प्रमाण. इथे फार जण फसतात. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो, ४×६ चा कागद ३:२. म्हणजे आडव्या फोटोच्या उंचीतला नववा भाग कापला जाणारच. कॅमेऱ्याचा ३:२ फोटो ८×१० वर घेतला तर लांबीतला सहावा भाग जातो. हे कापायचं काम लॅबवर सोडलं की मागच्या रांगेतल्या माणसाचं डोकं उडालंच म्हणून समजा. क्रॉप स्वतः करा. बॉर्डर नसलेल्या प्रिंटमध्ये कडेचे एक-दोन मिलिमीटर तसेही छाटले जातात, तेव्हा महत्त्वाचं काहीही अगदी कडेला ठेवू नका.

## ३. प्रिंट कोणत्या पद्धतीचा हवा ते ठरवा

‘फोटो प्रिंट’ या एका नावाखाली निरनिराळ्या पद्धती चालतात आणि प्रत्येकीचे रंग वेगळे दिसतात.

रासायनिक कागद. फुजीफिल्म फ्रंटियर किंवा नोरित्सूच्या मिनिलॅबमध्ये (दुकानात बसणाऱ्या छपाईच्या मशीनमध्ये) लाल, हिरव्या, निळ्या लेझरने संवेदनशील कागदावर फोटो उमटवतात आणि मग कागद रसायनांतून काढतात. कातडीचे रंग मऊ येतात, एका छटेतून दुसरीत जाताना पायरी दिसत नाही, आणि जास्त संख्येने काढायला परवडतं. कुटुंबाचे, समारंभाचे फोटो असतील तर माझी पहिली पसंती हीच. मात्र रसायनं ताजी हवीत. ज्या मशीनवर दिवसाला मोजकेच प्रिंट निघतात तिथे रसायनं पडून पडून बिघडतात आणि रंग सरकतो. म्हणून रासायनिक प्रिंटसाठी कामाची वर्दळ असलेली लॅब बरी.

इंकजेट. मोठे प्रिंट, मॅट किंवा सुती कागद, प्रदर्शनाचं काम यासाठी हीच पद्धत. यातही पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) आणि डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असे दोन प्रकार. चांगल्या कागदावर पिगमेंट शाई जास्त टिकते. प्रखर निळसर-हिरवे आणि पिवळे-केशरी रंगही ती रासायनिक कागदापेक्षा जोमदार देते. ‘ड्राय लॅब’ म्हणतात ती छोटी मशीन्सही बहुधा इंकजेटच असतात.

डाय सब्लिमेशन. प्रिंट ताबडतोब हातात देणाऱ्या किऑस्कमध्ये हे असतं. पिवळा, मॅजेंटा, सायन असे रंग रिबनवरून एकावर एक चढतात आणि वरून पारदर्शक थर बसतो. चटकन काम होतं, पण रंगांवर तुमचा ताबा जवळपास नसतो.

फोटोबुकचं प्रकरण पुन्हा निराळं. ती बहुतेक वेळा डिजिटल प्रेसवर छापली जातात. एखाद्या कंपनीचे सुटे प्रिंट आवडले म्हणून तिचं फोटोबुकही तसंच येईल असं धरून चालू नका. तसंच बऱ्याच ठिकाणी लहान प्रिंट मिनिलॅबवर आणि मोठे इंकजेटवर निघतात. जे शेवटी छापायचंय, त्याच मशीनवरची चाचणी घ्या.

कागदाबद्दल थोडक्यात: ग्लॉसीवर काळा सगळ्यात गडद आणि रंग सगळ्यात भरीव येतात, पण बोटांचे ठसे उठतात आणि चकाकी त्रास देते. मॅटवर काळा जरा फिका राहतो, त्यामुळे रात्रीचे फोटो बसके वाटतात. लस्टर (मंद चमकेचा कागद) हा मधला मार्ग, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

## ४. लॅबला हे प्रश्न विचारा

उत्तरं जितकी नेमकी, तितका भरवसा ठेवायला हरकत नाही.

- माझ्या मापाचा प्रिंट कोणत्या मशीनवर आणि कोणत्या कागदावर निघेल?
- फाइलमधलं कलर प्रोफाइल वाचता का, की सगळं एसआरजीबी धरता?
- त्या मशीन-कागदाच्या जोडीचं आयसीसी प्रोफाइल (त्या जोडीवर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मिळेल का?
- ऑटो करेक्शन (लॅबच्या सॉफ्टवेअरने आपोआप केलेली रंग-उजेडाची दुरुस्ती) पूर्ण बंद करता येतं का? आपोआप होणारं शार्पनिंगही (कडा धारदार करणं)?
- मशीन किती वेळा कॅलिब्रेट करता?
- रंग चुकला तर प्रिंट पुन्हा काढून देता का?

आयसीसी प्रोफाइल मिळालं तर ते सॉफ्ट प्रूफिंगसाठी वापरा. फोटोशॉप आणि लाइटरूममध्ये ही सोय आहे, आणि त्या कागदावर फोटो साधारण कसा दिसेल ते स्क्रीनवरच कळतं. पण फाइल त्या प्रोफाइलमध्ये बदलून पाठवू नका, लॅबने तसं स्पष्ट सांगितलं असेल तरच. नाहीतर रूपांतर दोनदा होतं आणि रंगांचा विचका होतो.

‘आमचे रंग एकदम व्हायब्रंट येतात’ एवढंच सांगणाऱ्या लॅबपासून मी चार हात लांब राहते. मशीन कोणतं हेही समोरच्याला सांगता येत नसेल, तर पुढे तक्रार घेऊन कुणाकडे जाणार?

## ५. टेस्ट फाइल बनवा

एकच फाइल बनवा आणि ती सगळ्या लॅबना द्या. मापाला ८×१२ सोयीचं पडतं.

वरच्या भागात तुमचे चार फोटो लहान करून लावा. फोटो असे निवडा की मूळ वस्तूचा रंग तुम्हाला ठाऊक आहे. घरातला माणूस, हाताशी असलेलं एखादं लाल कापड, रोज दिसणारं झाड. दूरच्या डोंगरातला सूर्यास्त चाचणीला कुचकामी. तो थोडा जास्त केशरी आला तरी कुणाला कळणार? चोवीस रंगांच्या चौकोनांचा कलरचेकर कुणाकडे असेल तर त्याचाही एक फोटो घाला.

खालच्या भागात करड्या पट्ट्यांची रांग करा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे ठेवले की करडा तयार होतो: ३२, ३२, ३२. मग ६४, ९६, १२८, असं २२४ पर्यंत. त्याखाली दोन बारीक रांगा. एकीत गडद छटा: ०, ५, १०, १५, २०, २५. दुसरीत फिक्या: २३५, २४०, २४५, २५०, २५५. प्रत्येक पट्टीजवळ तिचा आकडा छापा, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही.

या करड्या पट्ट्या दिसायला रुक्ष असल्या तरी सगळ्यात बोलक्या त्याच आहेत. चेहऱ्याचा रंग किंचित सरकला तर ‘उजेड तसा असेल’ म्हणून डोळा सोडून देतो. करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक आली की ती लपत नाही.

## ६. ऑर्डर देताना

दोन किंवा तीन लॅब निवडा. त्याहून जास्त घेतल्या तर प्रिंटची चळत होते आणि तुलना राहून जाते. सगळीकडे एकच फाइल, एकच माप, जमेल तितका सारखा कागद.

ऑटो करेक्शन बंद करायचा पर्याय कधी ‘कलर करेक्शन नको’, कधी ‘फाइल आहे तशी छापा’ अशा नावाने असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो आधीपासून चालूच असतो. ऑर्डरच्या शेवटच्या पानावर पुन्हा एकदा पाहा. काउंटरवर देत असाल तर पावतीवर लिहून घ्या. ही सोय वाईट नाही. कमी-जास्त उजेडातले मोबाइल फोटो ती खरंच सावरते. पण तुम्ही स्वतः रंग जुळवून दिलेल्या फाइलवर ती चालली की तुमची मेहनत पुसली जाते. शिवाय सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोचा निर्णय वेगळा घेतं, त्यामुळे एकाच प्रसंगाचे लागोपाठचे दोन फोटो दोन रंगांत येऊ शकतात.

माप निवडताना ‘फिट’ आणि ‘फिल’ यांतही गफलत होते. ‘फिट’मध्ये पूर्ण फोटो येतो आणि कडेला पांढरी पट्टी राहू शकते. ‘फिल’मध्ये कागद भरतो, पण फोटो कापला जातो.

## ७. प्रिंट पाहायची रीत

पाकीट फोडल्या फोडल्या ट्यूबलाइटखाली निकाल लावू नका. इंकजेट प्रिंट असेल तर एक दिवस मोकळ्या हवेत सपाट ठेवा, शाई पूर्ण वाळता वाळता रंग थोडे बदलतात. मग दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, सगळे प्रिंट पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडा. रात्रीच पाहायचं असेल तर ५००० केल्विनच्या आसपासचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा दिवा घ्या. पिवळ्या दिव्याखाली सगळेच प्रिंट उबदार दिसतात.

एकटा प्रिंट हातात धरला तर डोळे दोन मिनिटांत त्याला सरावतात आणि करडा करडाच वाटू लागतो. खरी गोष्ट शेजारी दुसरा आला की उघडी पडते. म्हणून प्रत्येक प्रिंटची करड्या पट्ट्यांची रांग कात्रीने कापून घ्या आणि त्या एकमेकींना कडेला कडा भिडवून ठेवा. मघापर्यंत निर्दोष दिसणारी पट्टी एकदम हिरवट दिसायला लागते, किंवा दुसरी गुलाबी. कोणती जास्त तटस्थ, ते मग सांगावं लागत नाही.

आता झाक कशी पसरली आहे ते बघा. गडदपासून फिक्यापर्यंत सगळीकडे सारखीच किंचित पिवळसर झाक असेल तर फार बिघडलं नाही. फाइलमध्ये तेवढी दुरुस्ती करून ती लॅब वापरता येते. पण सावल्या हिरवट आणि उजळ भाग गुलाबी असं असेल तर त्याला इलाज नाही. सावल्या सुधारायला जावं तर चेहरे बिघडतात. अशी लॅब मी सरळ यादीतून काढते, बाकी प्रिंट कितीही देखणा असो.

मग गडद रांग. ० आणि ५ यांत फरक बहुतेक प्रिंटमध्ये दिसत नाही. १५ आणि २० मध्ये दिसायला हवा. २५ पर्यंत सगळा काळा ठोकळा असेल तर काळे केस आणि गडद कपडे यांतला तपशील बुडणार. फिक्या रांगेत २४५ ची पट्टी कोऱ्या कागदापासून वेगळी कळायला हवी.

यानंतर फोटो. कातडी, मग झाडांचा हिरवा, मग लाल. ती लाल वस्तू खरोखर प्रिंटशेजारी आणून ठेवा. केसांच्या आणि फांद्यांच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर शार्पनिंग बंद झालेलं नाही. कृष्णधवल फोटो हिरवट किंवा जांभळट असेल तर करड्या पट्ट्यांनी दिलेला निकाल पक्का समजा.

इथे एक मोह होतो. शेजारी ठेवलेल्या दोन प्रिंटपैकी जास्त भडक प्रिंट पहिल्या नजरेत जिंकतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याला लगेच पसंती देऊ नका. दोन दिवस दोन्ही समोर ठेवा. भडक प्रिंटमधला चेहरा तापलेला वाटू लागतो, गवत प्लॅस्टिकचं वाटू लागतं.

स्क्रीनवरचे काही रंग मात्र कुठल्याच कागदावर यायचे नाहीत: निऑन हिरवा, दिव्यांचा झगझगीत निळा, गडद पण चमकदार जांभळा. त्यावरून लॅबला नापास करू नका.

## ८. तीच फाइल पुन्हा पाठवा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. आवडलेल्या लॅबला काही आठवड्यांनी तीच टेस्ट फाइल पुन्हा द्या, आणि टेस्ट आहे असं सांगू नका. जुनी आणि नवी करडी रांग पुन्हा कडेला कडा भिडवून पाहा. किंचित फरक चालेल. झाकच बदलली असेल, आधी पिवळसर होती ती आता निळसर झाली असेल, तर त्या लॅबमध्ये मशीनची देखभाल नियमित होत नाही. अल्बमचे काही फोटो आज आणि काही पुढच्या महिन्यात छापणार असाल तर हा फरक पानापानावर दिसेल.

## ९. मोठी ऑर्डर आणि तक्रार

शेकडो फोटोंची ऑर्डर एकदम देऊ नका. त्यातले निरनिराळ्या उजेडातले काही आधी छापून घ्या, आणि एका अल्बमचं सगळं काम शक्यतो एकाच खेपेत उरका.

तक्रार करायची वेळ आली तर ‘रंग बरोबर नाहीत’ एवढं म्हणून भागत नाही. प्रिंट आणि तुमच्याकडचा जुना टेस्ट प्रिंट, दोन्ही घेऊन जा आणि ‘१२८ च्या पट्टीत हिरवी झाक आहे, मागच्या वेळी नव्हती’ असं दाखवा. काम कळणारा माणूस लगेच मशीनकडे वळतो. प्रिंटचा मोबाइलवर फोटो काढून पाठवण्यात मात्र अर्थ नाही. तो फोटो रंगांची आणखी वाट लावतो.

टेस्ट प्रिंट जपून ठेवा. मागे तारीख, लॅब, कागद लिहा. फोटो कागदाच्या गुळगुळीत पाठीवर बॉलपेन उमटत नाही आणि शाई पसरून दुसऱ्या प्रिंटला लागते, म्हणून पटकन वाळणारा मार्कर वापरा आणि वाळल्यावरच चळत लावा. लॅबने मशीन किंवा कागद बदलल्याचं कळलं तर नवं प्रोफाइल मागून घ्या, जुनं कॉम्प्युटरवरून काढून टाका आणि पुढची ऑर्डर द्यायच्या आधी टेस्ट फाइल आणखी एकदा छापून घ्या.